तेजल गिरासेचे अकरा टक्के

तेजल गिरासेनं बेचाळिसावं लँडिंग केलं तेव्हा समोर काचेपाशी माझी तपकिरीची डबी उघडी होती आणि तिच्यातला एक कणही सांडला नाही. बरं, दोन सांडले असतील. पण चाकं टेकली ते मला टायरच्या आवाजावरून कळलं, बुडाला कळलं नाही. चाळीस वर्षं मी पोरांना विमान शिकवतोय. बुडाला न कळलेली लँडिंगं आजवर नऊ झाली. हे दहावं.

म्हणून झाडाझडतीच्या खोलीत शिरताना मी खुशीत होतो.

तापीच्या काठी कापसाच्या शेतांमध्ये आमची धावपट्टी, तिच्या टोकाला पत्र्याचं हँगर आणि हँगरला चिकटून ही खोली. उड्डाण संपलं की विद्यार्थी आणि प्रशिक्षक इथं बसून काय जमलं, काय चुकलं ते बघतात. पूर्वी बघायचो मी, बोलायचोही मीच. दोन वर्षांपूर्वी खोलीत यंत्र आलं. कागदोपत्री त्याचं नाव 'उड्डाणोत्तर परीक्षण संच'. पोरं त्याला आत्याबाई म्हणतात, कारण ते बाईच्या आवाजात बोलतं, अतिशय सभ्य आहे आणि त्याला कुणाचं काही पसंत पडत नाही.

"लँडिंग उत्कृष्ट," आत्याबाई म्हणाल्या. "वेग योग्य, दिशा योग्य, धक्का नगण्य. विद्यार्थिनीचा वाटा अकरा टक्के."

"आणि बाकीचा कुणाचा, वाऱ्याचा?" मी विचारलं.

"प्रशिक्षकांचा."

"बाई, माझे हात गुडघ्यांवर होते."

"हो, कॅमेऱ्यात दिसतात. आपल्या हातांविषयी तक्रार नाही."

आता हे यंत्र काय करतं ते सांगायला हवं. विमान उतरवताना सगळा खेळ शेवटच्या वीस फुटांत असतो. जमीन अगदी जवळ आली की दांडा हलकेच मागे ओढायचा आणि नाक उचलायचं. लवकर ओढलं तर विमान हवेतच दम सोडतं आणि धपकन बसतं. उशिरा ओढलं तर नाकावर आपटतं. मधली योग्य वेळ एखाद्या सेकंदाची, आणि ती कुठल्याच घड्याळात दिसत नाही. डोळ्यांनी जमीन बघायची आणि ठरवायचं.

माणूस असं काही ठरवतो तेव्हा हात हलायच्या अर्धा सेकंद आधी त्याच्या मेंदूत तयारी सुरू होते. विजेची अगदी बारीक लहर असते ती. विद्यार्थ्याच्या हेडफोनला कानामागे चकत्या लावलेल्या असतात, त्या ती लहर टिपतात. मनगटावरचा पट्टा स्नायू टिपतो, समोरचा कॅमेरा बुबुळं टिपतो, आणि विमानातला प्रत्येक आवाज, प्रत्येक हिसका त्याच घड्याळावर नोंदला जातो. मग यंत्र उलटं मोजत जातं. हात हलला, त्याआधी मेंदू हलला, त्याआधी काय झालं? नजर जमिनीवर ठरली असेल तर निर्णय स्वतःचा. पण दर वेळी आधी दुसऱ्याच माणसाचं काहीतरी घडत असेल, तर निर्णय आयता.

"ऐकवते," आत्याबाई म्हणाल्या, आणि खोलीत माझाच आवाज घुमला.

"...तर ती घार रोज माझ्या मागून फेरी मारायची. मी वळलो की वळायची, मी चाकं टेकली की पाय टेकायची. परवानाही मिळाला असता तिला, पण वैद्यकीय तपासणीत डोळे गरजेपेक्षा चांगले निघाले. मग तिनं काय केलं, की..."

इथं मी थांबलो होतो. चार-पाच सेकंद काही नाही. मग टायरची हलकी चिर्र, आणि माझं पुढचं, "...की चष्मा लावला."

पडद्यावर माझ्या थांबण्यापाशी लाल रेघ उभी होती. तेजलच्या मेंदूतली लहर त्या रेघेनंतर तीन दशांश सेकंदांनी उठली होती. आत्याबाईंनी खाली एकेचाळिसावं लँडिंग लावलं, त्याखाली चाळिसावं. बेचाळीसच्या बेचाळीस वेळा तेच. आधी मी थांबतो, मग ती ओढते.

नवं पोरगं दांडा असा आवळतं, जसा गच्च भरलेल्या बसमध्ये वरचा दांडा. म्हणून मी त्यांना विमानात गोष्टी सांगतो, हात सैल पडतो. जमीन जवळ आली की मी थांबतो, हे मात्र मला माहीत नव्हतं.

"पण सर," तेजल म्हणाली, "मी तर तुमची गोष्ट ऐकतच नाही."

"ऐकत नाहीस?"

"सॉरी सर. पहिल्या आठवड्यात ऐकल्या. मग सोडून दिलं."

"विद्यार्थिनीचं म्हणणं खरं आहे," आत्याबाई म्हणाल्या. "गोष्टीतल्या शब्दांना तिच्या मेंदूत कसलाही प्रतिसाद नाही. प्रतिसाद आहे तो फक्त थांबण्याला."

चाळीस वर्षांत माझ्या गोष्टींवर एवढं नेमकं कुणी बोललं नव्हतं.

हसण्यावारी नेलं असतं, पण तेजलचे अठ्ठावीस तास झाले होते. आमच्याकडे नियम असा, की तीस तासांच्या आत एकट्यानं विमान उडवून उतरवलं पाहिजे, म्हणजे सोलो. तो झाला नाही तर जागा सोडायची. आणि सोलोला सोडायचं तर आत्याबाईंना विद्यार्थ्याचा वाटा निदान साठ टक्के दिसायला हवा. तेजलचे वडील दोंडाईचाकडे एसटीचे ड्रायव्हर. तिथल्या डेपोत फळ्यावर तिचा फोटो होता आणि खाली खडूनं लिहिलं होतं, 'आपल्या गिरासेदादांची मुलगी वैमानिक'. 'होणार' हा शब्द लिहायचं कुणाला सुचलं नव्हतं.

मी मुख्य प्रशिक्षकाकडे गेलो. कॅप्टन निनाद रणदिवे. अठरा वर्षं मोठी प्रवासी विमानं चालवून इथं आलेला, आणि त्याच्याही आधी माझ्याच हाताखाली शिकलेला. त्यानं अहवाल वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"सर, गप्प बसा," तो म्हणाला. "एवढंच करायचंय."

"हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नाही."

"सांगितलं. तुम्ही बोलत होतात."

दुसऱ्या सकाळी मी तोंडाला दोन पट्ट्या चिकटपट्टी लावून बसलो. तेजलनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही. उड्डाण छान झालं, लँडिंगही छान. झाडाझडतीत आत्याबाई म्हणाल्या, "विद्यार्थिनीचा वाटा चौदा टक्के. स्रोत, प्रशिक्षकांचा श्वास."

जमीन जवळ आली की मी श्वास आत ओढून धरतो म्हणे. जुन्या पेट्रोलच्या इंजिनांच्या धडधडाटात स्वतःची किंकाळी स्वतःला ऐकू यायची नाही, तिथं श्वास कोण ऐकतो? पण आता आमची विमानं विजेवरची. इंजिन मंद केलं की विमानात देवघरासारखी शांतता.

माझा माइक काढला, तिच्या कानांवर जाड गाद्या चढवल्या आणि पुन्हा गेलो. बारा टक्के.

"आपण त्या क्षणी पायांची बोटं आखडता," आत्याबाई म्हणाल्या. "वजन ब्याण्णव किलो असल्यानं आसन मागे सरकतं आणि विमानाचं नाक केसभर उचलतं. विद्यार्थिनीला ते पाठीला जाणवतं."

"मग मी काय करू, वाटेत उतरू?"

"तो पर्याय माझ्या अखत्यारीत नाही."

तेजल खाली बघत होती. "सर, मी मुद्दाम नाही करत," ती म्हणाली. "खरंच जमिनीकडे बघते. जमीन दिसतेपण. पण आत्ता ओढ असं ती म्हणत नाही."

"जमीन कुणालाच काही म्हणत नाही, बाळा."

"तुम्हाला म्हणते."

मला जमीन कधी काय म्हणाली हे मी कुणाला सांगू शकलो नसतो. सांगता आलं असतं तर गोष्टी कशाला सांगत बसलो असतो?

एकोणतीस तास झाले. आता निनाद म्हणाला, तिला मीच घेऊन जातो. त्याच्या नावावर अकरा हजार तास, बोलणं मोजकं, वजन पासष्ट किलो. यापेक्षा चांगला शेजारी मिळणार नव्हता. मला त्यानं कँटीनमध्ये बसवलं. मी कांदाभजी मागवली आणि खिडकीकडे पाठ केली.

त्या आवाजाचं वर्णन मी नेहमीच्या पद्धतीनं केलं तर तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून साधं सांगतो. धान्याचं पोतं गच्चीवरून टाकावं तसा आवाज आला. मग ब्रेकची किंचाळी. मी बाहेर धावलो तेव्हा विमान धावपट्टीच्या मधोमध नाक खाली करून उभं होतं, पुढच्या चाकाचा पाय वाकलेला. दोघं स्वतःच्या पायांनी चालत आली. तेजलच्या ओठातून रक्त येत होतं, दात लागला होता. निनादच्या चेहऱ्याला रंग नव्हता.

"दोघांपैकी कुणीही दांडा ओढला नाही," आत्याबाईंनी सांगितलं. पडद्यावर दोन सपाट रेघा होत्या, तिची आणि त्याची. "विद्यार्थिनी प्रशिक्षकांच्या खुणेची वाट बघत होती. प्रशिक्षकही वाट बघत होते. कशाची, याचा स्रोत विमानात सापडला नाही."

स्रोत कँटीनमध्ये भजी खात होता.

तेजल ओठाला बर्फ लावायला गेली. मग निनादनं दार लावलं आणि खुर्चीत बसला, तसाच, जसा वीस वर्षांचा असताना बसायचा, हात मांड्यांखाली घालून.

"सर, मी प्रत्येक लँडिंगला मनात तुमची गोष्ट सांगतो," तो म्हणाला. "धुक्याची."

धुक्याची म्हणजे, एकदा धुकं इतकं दाट होतं की मी विमान त्याच्यावरच उभं करून डबा खाल्ला, ती.

"अठरा वर्षं?"

"पन्नास फुटांवर सुरू करतो. 'डबा उघडला आणि बघतो तर' इथं थांबतो आणि ओढतो. मागं पावणेदोनशे माणसं बसलेली असायची, त्यांना काय माहीत. मला वाटायचं ही माझी सवय आहे. कुणी देवाचं नाव घेतं, तसं."

"मग आज?"

"आज विमान ती उतरवत होती. मी नुसता बघत होतो, म्हणून गोष्ट सुरूच केली नाही. आणि ऐन वेळी मला वाटलं, कुणीतरी थांबेल." तो हसायला गेला आणि हसला नाही. "मध्ये एकदा आत्याबाईंसमोर स्वतःची तपासणी करून घेतली होती. शहाण्णव टक्के आले. गोष्ट माझ्याच घशातून येते ना. त्या तिला माझी समजतात."

मी दोनशे सतरा पोरं शिकवली. आज ती कुठकुठल्या आकाशात आहेत, कुणाच्या घशात कुठली थाप आहे आणि ती कुणी कुठे तोडतंय, याचा विचार त्या दुपारी पहिल्यांदा माझ्या मनात आला. तो फार वेळ करण्यासारखा नव्हता.

तेवढ्यात तेजल परत आली. तिनं दारातूनच विचारलं, "माझे किती राहिले सर?"

"पंचवीस मिनिटं," निनाद म्हणाला.

"सोलोला दहा लागतात."

नियमात एक फट होती. आत्याबाई शिफारस करतात, सोडतो माणूस. दोन प्रशिक्षकांनी सह्या केल्या तर शिफारस नसतानाही सोलोला पाठवता येतं. आजवर तसं कुणी केलं नव्हतं.

"शेजारी कुणी बसलं की मी त्याच्यातच बघते सर," तेजल म्हणाली. "कुणी नसलं तर जमिनीकडेच बघावं लागेल."

"आणि बघून कळलं नाही तर?"

"तर नाही कळत हे कळेल."

"ते तुला कळायला तू असायला हवीस ना."

ओठावरचा रुमाल तिनं घडी करून दुसऱ्या बाजूनं लावला.

मी आत्याबाईंना विचारलं, "हिला एकटी सोडली तर काय होईल?"

"माझ्याकडे या विद्यार्थिनीचं स्वतःचं असं एकही लँडिंग नाही," आत्याबाई म्हणाल्या. "जे घडलेलंच नाही त्यावरून अंदाज देता येत नाही. क्षमस्व."

क्षमस्व हा शब्द त्यांनी माझ्या ऐकण्यात पहिल्यांदाच वापरला.

निनादनं सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. घरी पाठवलं तर ती जिवंत राहणार होती आणि डेपोतला फळा कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसणार होतं. घरी नाही पाठवलं तर त्या वीस फुटांत ती एकटी. तिला ते वीस फूट एकदाही न दाखवता मी चव्वेचाळीस वेळा त्यांतून नेऊन आणलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला भीती वाटली की पेन उचलावं की नाही हेही ती माझ्या तोंडावरून वाचेल, म्हणून मी मान खाली घालून सही केली. ती सही कुठल्याही बँकेनं परत पाठवली असती.

"मनात गोष्ट सांग," निनाद तिला म्हणाला. "कुठलीही. आणि वेळ आली की थांब."

"हाव सर," ती म्हणाली आणि हेल्मेटसारखा तो जाड हेडफोन घेऊन दुसऱ्या विमानाकडे गेली.

निनाद टॉवरकडे निघाला. जाताना म्हणाला, "तुम्ही येऊ नका. रेडिओपासून लांब राहा. कुठेतरी लांब जा."

मी धावपट्टीच्या कडेनं चालत सुटलो. जिथं विमानं टेकतात, तिथं कडेला शंभर पावलांवर विंडसॉकचा खांब आहे, वाऱ्याची दिशा दाखवणारी ती कापडी पिशवी वर लटकते तो. तिथवर जाऊन पाय थांबले. मी धावपट्टीकडे पाठ केली आणि कापसाकडे तोंड करून उभा राहिलो. बघितलं असतं तर ओरडलो असतो, हात केले असते, काय केलं असतं सांगता येत नाही. पाठ केली की माणूस निदान निरुपद्रवी होतो, असा माझा समज.

विमान उठलं ते कानानं कळलं. शेतापलीकडे पहिलं वळण, मग दुसरं. विजेचं इंजिन फार बोलत नाही, पण चाळीस वर्षांनी तेवढं पुरतं. नदीच्या बाजूला तिसरं वळण. मग चौथं, आणि आवाज मंद झाला. ती उतरायला लागली होती.

माझ्यासमोर कापसाचं एक बोंड होतं, अर्धं उमललेलं. मी त्याच्याकडे असा बघत होतो जसं त्यातूनच काही निघणार आहे. मागून हवेची सळसळ वाढत आली. पन्नास फूट. तीस. तोंड मी मिटून घेतलं होतं. हात खिशात घट्ट. वीस.

मग टायरची हलकी चिर्र.

एवढंच. ना उडी, ना धक्का. मी वळलो तेव्हा विमान धावपट्टीवरून सरळ, शहाण्यासारखं धावत निघालं होतं. मी तिथंच खाली बसलो.

हँगरपाशी पोचलो तोवर पोरांनी तिच्यावर बादली ओतली होती. सोलो झाला की पाणी ओततात, ही सगळीकडची रीत. निनादनं तिला पाठीवर थाप दिली आणि मला बघून नुसती मान हलवली. त्याचे डोळे लाल होते. ओल्या कपड्यांनीच आम्ही तिला झाडाझडतीच्या खोलीत नेलं.

"लँडिंग उत्कृष्ट," आत्याबाई म्हणाल्या. "विद्यार्थिनीचा वाटा एक्क्याण्णव टक्के. विमानात दुसरा स्रोत नाही. एक निरीक्षण. दांडा ओढण्याआधी विद्यार्थिनीची नजर दीड सेकंद डावीकडे, विंडसॉकच्या दिशेनं गेली. ऐन वेळीही वाऱ्याचा अंदाज घेतला, हे स्तुत्य आहे."

आत्याबाईंनी कुणाला स्तुत्य म्हटलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. निनाद डेपोत फोन लावायला गेला, पोरं चहाला गेली. खोलीत आम्ही दोघंच उरलो. तेजलच्या वेणीतून फरशीवर पाणी ठिबकत होतं.

"घारीची गोष्ट सांगत होते मनात," ती हळू आवाजात म्हणाली. "चष्म्यापर्यंत आले सर. पण थांबायचं कुठं तेच कळेना. जमीन येत होती, येत होती, आणि काहीच म्हणत नव्हती."

"मग?"

"मग तुम्ही दिसलात. सगळ्या मैदानात धावपट्टीकडे पाठ केलेला एकच माणूस."

"पाठच दिसली ना?"

"हाव. आणि तुमचे खांदे वर गेले. तेव्हा ओढलं."

मी यंत्राकडे बघितलं. त्याचा हिरवा दिवा विझलेला होता. अहवाल बंद झाला होता.

"हे त्यांना सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं नाही." तिनं माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर लबाडी नव्हती. नुसती भीती होती, ओली, वीस वर्षांची. "तुम्ही सांगाल का सर?"

सांगितलं तर सोलो रद्द, तास संपलेले, संध्याकाळच्या एसटीनं घरी. नाही सांगितलं तर पुढचे दहा तास तिला एकटीनं उडायचं होतं, मग परवाना, मग मागे माणसं. शेजारच्या खोलीतून निनादचा आवाज येत होता. तो फोनवर म्हणत होता, हो हो, एकटीनं, अगदी एकटीनं.

"नाही," मी म्हणालो.

ती मान हलवून उठली. दारापाशी थांबली.

"उद्या आठला दुसरा सोलो आहे," ती म्हणाली.

घरी मी आरशापुढे उभा राहून बघितलं. डोळे मिटून विमान उतरवायचं, आणि खांदे जागच्या जागी ठेवायचे. तीस फूट, वीस फूट. दर वेळी वर जातात. मी नाही नेत.

सकाळी पावणेआठला मी विंडसॉकच्या खांबाखाली जाऊन उभा राहिलो, कापसाकडे तोंड करून. पांढरा शर्ट घातला होता, म्हणजे लांबून दिसेल.